राखून मारलेले वार

तलवारीच्या टप्प्यात सर्वांत आधी येतो तो हात. डोके मागे घेता येते, छाती वळवता येते. मूठ धरलेला हात मात्र पुढेच असतो. म्हणून लाकडी गदके बाजूला ठेवून बोथट पोलादी तलवारींनी सराव करायचे ठरले, तेव्हा मी एकच अट घातली. आधी हातमोजे, मग पोलाद.

फुलचूरला एका राईस मिलच्या गोदामामागे मोकळी जागा आहे. दर रविवारी सकाळी तेथे आमचा आखाडा भरतो. जुन्या पद्धतीची तलवारबाजी शिकायला चौदा जण येतात. सगळी नोकरी-संसारातली माणसे. शिकवणारे दोघे. एक मी, निवृत्त व्यायामशिक्षक. दुसरा माझा मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर. चाळीस वर्षे आम्ही एकमेकांसमोर तलवार धरून उभे राहिलो आहोत.

आमच्या आखाड्यात दोन शब्द पहिल्याच दिवशी शिकवले जातात. ‘राखून’ म्हणजे अर्ध्या जोराचा वार. ‘भरून’ म्हणजे पूर्ण जोराचा. समोरचा जो शब्द उच्चारील तसाच वार करायचा. यात सवलत नाही.

मोजे निवडण्यात दोन महिने गेले. वेल्डरचे चामडी मोजे आच अडवतात, मार अडवत नाहीत. फलंदाजाच्या मोज्यात मूठ वळली की बोटांच्या सांध्यांवर फट पडते, आणि पाते नेमके तेथे बसते. नंतर परदेशी धर्तीचा, कठीण कवचाचा एक जोड मागवला. तो मजबूत होता. पण मुठीसमोर बोटे झाकणारी जी वाकवलेली लोखंडी पट्टी असते, जिला परज म्हणतात, तिच्या आत तो शिरेना.

मित्राने तो हातात चढवून पाहिला. “हा खेकड्याचा पंजा घालून भात कसा खाशीन गा?”

परज रुंद करून घ्यावी, असे कोणीतरी सुचवले. मी नकार दिला. जुन्या मुठीचे माप बदलायचे असेल तर जुनी तलवारबाजी शिकवू नये, असे माझे मत होते. शेवटी एक हलका मोजा सापडला. बोटांवर प्लास्टिकच्या पट्ट्या, आत फोम. परजेत सहज बसला.

तपासणी आम्ही दोघांनीच केली. मोजा मी स्वतःच्या हातात घातला. दुसऱ्याच्या हातावर जे चढवायचे ते आधी आपल्या हातावर, हा माझा नियम. मी म्हटले, “भरून.” त्याने दहा वार केले. बोटांवर सहा, अंगठ्यावर चार.

“लागलं काय?”

“नाही.”

“मंग झालं तं.”

पुढच्या रविवारी मी सर्वांना मोजा दाखवला आणि सोमवारी चौदा जोड मागवणार असल्याचे सांगितले. सौंदडहून सकाळच्या गाडीने येणारी एक परिचारिका आमच्याकडे शिकते. तिने मोजा उलटसुलट करून पाहिला.

“गुरुजी, अंगठ्याच्या टोकाले पट्टी पुरून नाही राहिली.”

“दहा वार सोसले आहेत त्याने. भरून.”

“तरी.”

मी मोजा घातला, मूठ धरली आणि हात पुढे केला. “मार. भरून.”

मित्र मध्येच म्हणाला, “राहू दे न वो बाई. चहा थंडा हो रहा है, पहिले चहा घ्या.” सगळे हसले. मीही ती थट्टाच समजलो.

तिने शब्द ऐकला होता. तिने भरून मारला.

आवाज फारसा झाला नाही. तलवार माझ्या हातातून सुटली. तिने मोजा कात्रीने कापून काढला, अंगठा न हलवता पाहिला आणि म्हणाली, “हाड गेलं, गुरुजी.”

दवाखान्यात एक्स-रेची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो.

“तू भरून मारले होतेस?” मी त्याला विचारले.

“तुझ्या हातावर? कायले मारीन गा?”

“मी भरून म्हटले होते.”

“तू तं नेहमीच म्हणतो.”

“कधीपासून?”

“तुझ्या मोतीबिंदूच्या आपरेशनपासून. डाव्या अंगाचा वार तुले उशिरा दिसून राहिला होता. म्या काय लोकांसमोर तुझी फजिती करू?”

त्या शस्त्रक्रियेला सात वर्षे झाली. या सात वर्षांत डावीकडचा वार कसा अडवावा हे मी शिष्यांना रिंगण करून दाखवत आलो. तो मारायचा, मी अडवायचो, आणि वर सांगायचो, “हे असे.” मी परिचारिकेकडे पाहिले. तुला ठाऊक होते का, एवढेच विचारले.

ती हातातल्या केसपेपरकडे पाहत म्हणाली, “मले वाटलं, तुमाले माहीत असन.”

माझी लाज राखली, इथवर मी कदाचित सोडून दिले असते. पण तो मोजा माझ्यासाठी नव्हता. त्याच्या दहा खोट्या वारांवर मी चौदा माणसांचे हात ठेवायला निघालो होतो. भरून या शब्दावर आमचा आखाडा उभा आहे, आणि तो शब्द माझ्यापुरता त्याने सात वर्षांपूर्वीच मोडून टाकला होता. मला न सांगता. रोज माझ्यासोबत चहा पीत.

मागणी मी थांबवली. तीन रविवार त्याच्याशी बोललो नाही. तो येत राहिला, गोदामाच्या भिंतीला टेकून बसत राहिला. चौथ्या आठवड्यात मी एक तलवार कोहमाऱ्याला नेली. तेथे ट्रकची बॉडी जोडणाऱ्या वेल्डरने परज दोन बोटे रुंद करून दिली. माझे मत चुकीचे होते. त्यासाठी अंगठा मोडावा लागायला नको होता.

रविवारी जमिनीत एक खुंटा ठोकला. हलक्या जोडातल्या उरलेल्या मोज्याच्या अंगठ्यात खडूची कांडी घातली आणि मोजा खुंट्यावर चढवला. मग मित्राला बोलावले.

“भरून.”

त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिले. “अजून गुस्सा हाये काय?”

“भरून म्हटले.”

त्याने मारला. मोजा उतरवून मी उलटा केला. तळहातावर पांढरा भुगा पडला. मग कवचाचा मोजा चढवला, त्यात नवी कांडी. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच वार. खुंटा वीतभर खाली गेला. कांडी सबंध निघाली. चौदा जोड त्याच दुपारी मागवले.

खांद्यातून निघून मनगटात संपणारा तो वार मी सात वर्षांत प्रथमच पाहिला. त्याच्या वयाला उत्तम होता. तो माझ्या बोलण्याची वाट पाहत उभा राहिला. मी सरावाच्या पुढच्या जोडीला बोलावले.