कमलताई, लिंग : पुरुष

“साहेब, मले बाई करून द्या,” टेबलावर मतदार यादीची झेरॉक्स ठेवत कमलताई म्हणाल्या. मागे त्यांचे यजमान प्रल्हादराव खाली मान घालून उभे होते.

मी तेव्हा तहसीलला निवडणुकीचं काम पाहणारा नायब तहसीलदार होतो. ताई गावात पिठाची गिरणी चालवायच्या. यादीत त्यांचं नाव बरोबर, वय बरोबर, पतीचं नावही बरोबर. फक्त लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’. कमल नावाचे पुरुषही असतात. एंट्री करणाऱ्यानं पुढचं वाचलं नसावं.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण गावचं सरपंचपद महिला राखीव निघालं होतं आणि ताईंना उभं राहायचं होतं. यादी अजून प्रारूप, म्हणजे कच्ची होती. या मुदतीत आपली नोंद पाहून दुरुस्ती मागता येते. यादी अंतिम झाली की संपलं. पुढं ताईंचा उमेदवारी अर्ज छाननीतच बाद.

“पुरावा काय आणला?”

“मी सोता आली ना.”

“कागद लागतो, ताई.”

त्यांनी मतदार कार्ड काढलं. त्यावरही पुरुष, कारण तीच नोंद कार्डावर छापलेली. मग शाळेचा दाखला मागवला. तो बरोबर निघाला. फाइल तयार झाली, आणि गावातल्या सुधाकररावांची हरकत आली : दुरुस्ती करू नये. त्यांच्या बायकोलाही सरपंच व्हायचं होतं. हरकत आली की सुनावणी घ्यावी लागते.

सुनावणीला तहसीलदार मॅडम बसल्या. सुधाकरराव ठाम होते. “सरकारी रेकॉर्ड पुरुष म्हनते, मॅडम. दाखला कोनीही आनते. मी काऊन मानू?”

ताई शांतपणे त्यांच्याकडे वळल्या. “भाऊ, दर साली तुले राखी कोन बांधते?”

सुधाकररावांनी टेबलावरचा हात मागं घेतला.

“सांग ना मॅडमले. इतके दिवस पुरुषाच्या हातून बांधून घेऊन राह्यला का?”

मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. स्टेनो खिडकीबाहेर बघू लागला.

“हरकत मागं घेतो,” सुधाकरराव पुटपुटले.

बाहेर आल्यावर ताईंचे डोळे भरले. “लोकं हासले त काही नाही, साहेब. पन भावानंच नाही म्हटलं, ते मनाले लागलं.”

ताई उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. निकालानंतर दोघं ऑफिसला आले. प्रल्हादरावांच्या हातात नवी यादी होती. ताईंच्या नावापुढं ‘स्त्री’ झालं होतं. खालच्या ओळीत प्रल्हादरावांच्या नावापुढंही.

मी दुरुस्तीचा कोरा अर्ज पुढं सरकवला.

“राहू द्या, साहेब,” ते पहिल्यांदाच बोलले. “पुढच्या खेपेलेही महिला राखीव निघालं, त मीच उभा राह्यतो.”

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो : दुरुस्ती झाली की आपली ओळ वाचा, आणि जमलं तर घरच्यांचीही.