रौनीचं वळण

आमच्या लॅपलँडच्या डोंगरावर दर नोव्हेंबरला देशोदेशीच्या पोरी स्कीच्या शर्यतीला येतात. टीव्हीवर त्या दिसतात, आम्ही नाही. दहा-बारा पोरी उतरून गेल्या की वॉकीटॉकीवर पंचांचा हुकूम येतो, मग आम्ही स्की आडव्या धरून घसरत जातो आणि वळणांवर पडलेले चर मिटवतो. रौनी आणि मी कित्येक वर्षं शेवटच्या उभ्या उतारावर आहोत. एरवी ती हॉटेलच्या चादरी धुते. गुडघा केव्हाच कामातून गेलाय, तरी येते. हट्टी बाई.

यंदा तिची लेक विएना शर्यतीत होती, पार शेवटी सुटणाऱ्यांत. पहिल्या तिसांत आली तरच दुसरी फेरी. नाहीतर खेळ सोडणार, असं तिनं घरी सांगूनच टाकलं होतं.

तिच्या आधीच्या पोरींनी आमच्या वळणावर हा एवढा चर पाडला. हुकूम काही येईना.

"उतर ना," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"हुकूम नाही."

"अगं, तुझी पोर आहे ती."

"आत्ता गेली ती पण कुणाची तरी होतीच. तिच्यासाठी उतरले का मी?"

माझं डोकंच फिरलं. मीच निघाले, तर हिनं बाही धरून ठेवली. तेवढ्यात विएना आलीच. चरात स्की अडकली, तोल सावरला, पण वेळ गेला. एकतिसावी.

रौनी मटकन बर्फात बसली. "दमले गं," एवढंच म्हणाली. मलाही तिथंच आडवं व्हावंसं वाटत होतं. पण दुसऱ्या फेरीत तिसावी पोर सगळ्यांत आधी सुटते, तिच्यासाठी उतार नीट करायचा होता. आता हुकूमही आला होता.

विएना आमच्यापाशी आली. वाटलं, आईला फाडून खाणार.

"चर दिसला होता तुला?"

"दिसला होता."

पोरीनं आईच्या हातातलं बर्फ सारखं करायचं दाताळं काढून घेतलं. "जा, खाली माशाचं सूप आहे, गरम आहे तोवर पी."

"आणि माझं वळण?"

"करते मी."

तिसावी येऊन जिनं तिला बाहेर काढलं, त्या पोरीसाठी विएनानं तो चर मिटवला. रौनी जागची हलली नाही.

"डावीकडे राहिलंय थोडं," तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, आणि मग कुठे ती रडली.