बिनकानाचा कप

ह्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. डावा हात चालायचा, पण थरथरायचा. डॉक्टरांनी बजावलं, चहा, पेज, जे काही असेल ते त्यांना स्वतःच्या हातानं पिऊ द्या. दोन्ही हात लावू द्या, तरच बोटं सुटतील. भरवत बसलात तर हात कायमचा आखडेल.

पण प्यायचं कशातून? स्टीलचा गिलास चटका द्यायचा. कपाच्या कानात त्यांचं बोट शिरायचं नाही. दोनदा चहा मांडीवर सांडला, फोड आले.

त्यांच्या गोळ्या आणायला मी बदनापूरहून जालन्याला गेले. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा जुनं सामान मांडून बसला होता. मिक्सरची भांडी, चपला, टीव्हीचे रिमोट. त्यात एक जाड, राखाडी कप होता. कान नव्हता. मी दोन्ही हातांत धरून पाहिला, बराबर बसला.

"कान कुठं मोडला याचा?"

"मोडला न्हाई अम्मा, जपानी माल है. औरंगाबादला कंपनीचा जपानी साहेब राहत होता, तो मुलखाला गेला. त्याच्या बंगल्यातला है. वो लोगां दोन्ही हातांनी पितेत."

"आन् चटका?"

"जाड है ना! तुमच्यासारखी मजबूत हड्डी है त्याची."

"माझी हड्डी नको बघू, भाव बोल."

भाव तोडून घेतला. घरी येऊन चहा केला, साखर जास्त घातली, आणि कप ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कान कुठंय?" जीभ जड झाली होती, पण एवढं स्वच्छ बोलले.

"कानच नसतो याला. जपानी हाय."

"मला शिकवून राह्यली का म्हातारे? कानतुटका कप मी ओळखतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही बौद्ध. हे लहानपणी बापाबरोबर ज्या शेतमालकाकडे राबायला जायचे, तिथं गोठ्याच्या कोनाड्यात आमच्या माणसांसाठी कान तुटलेला कप असायचा. चहा वरून ओतायचे. प्यायला की आपणच धुवायचा आणि पालथा ठेवायचा. पुढं हे रेल्वेत लागले, घर बांधलं, तर घरात तडा गेलेली बशीसुद्धा ठेवू दिली नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. बाजारात मला फक्त त्यांचे हात दिसत होते. चूक माझीच.

"बघा, मीच पिते," म्हटलं, आणि त्यांच्यासमोर प्यायले. चटका बसला नाही. मग कप विसळून ओट्यावर ठेवला. पालथा. माझ्या माहेरच्या गावीही आमच्या माणसांना तीच रीत होती. ठेवल्यावर मला कळलं.

"बघ," हे म्हणाले, "हाताला ठाऊक हाय."

तो कप मी भंगारात देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी गिलास पुढं केला, तर त्यांनी तोही धरला नाही. नुसतं तोंड उघडलं. मी दोन दिवस भांडले.

"हात लावा, न्हाईतर आखडंल!"

"आखडू दे. आता कुणापुढं पसरायचाय?"

तिसऱ्या दिवशी मी चमचा घेतला. उपाशी ठेवता येत नव्हतं. नंतरचे सगळे महिने चमच्यानंच भरवलं. डॉक्टर रागावले, त्यांना मी कारण सांगितलं नाही.

हे गेले तेव्हा आंघोळ घालताना उजवी मूठ उघडेना. शेजारीण म्हणाली, "राहू दे मावशी." मी तरी बोटं ओढून पाहिली. एकही सुटलं नाही. तशाच मुठीवर पाणी घातलं.