पेटीमास्तरनं खून का केला

नरहर पांढरीपांडे वणीला मुलगी पाहायला आले, तेव्हा ऊन इतकं होतं की गल्लीतली कुत्री एकमेकांच्या सावलीत बसायला नंबर लावून उभी होती. पाव्हणे बैठकीत आले, पाणी प्यायले आणि अंतर्धान पावले. देहानं ते खुर्चीतच होते, पण कोनाड्यात त्यांना एक जुनं पुस्तक दिसलं आणि तिथून पुढे त्या घरात मुलगी आहे, तिचे वडील आहेत, यवतमाळ जिल्हा आहे, या कशाचीही त्यांनी दखल घेतली नाही. शोभा पोहे घेऊन आली. पाव्हण्यांनी मान वर न करता बशी घेतली. दुसऱ्यांदा आली, दुसरी बशी घेतली. पुढे शोभाबाई माहेरी सांगत की अकराव्या बशीला घरातले पोहे संपले आणि शेजारून आणावे लागले, तोवर पाव्हण्यांना दाढी उगवली होती. शेवटी वडील खाकरून म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

पाव्हण्यांनी पुस्तक वर धरलं. "हे वाचलं का?"

"अर्धं झालंय," शोभा म्हणाली.

"खून पेटीमास्तरनं केला आहे," पाव्हणे म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले.

लग्न ठरलं. पुस्तक आंदणात आलं.

पुस्तकाचं नाव 'तिसऱ्या जिन्यावरचा पाहुणा'. एका लॉजमध्ये दिवाणसाहेब नावाचे गृहस्थ मेलेले सापडतात आणि राहणारा प्रत्येकजण संशयित असतो, अशी ती कादंबरी. नरहरराव पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. दर पावसाळ्यात ते ती पुन्हा वाचत, आणि तिच्यासारखीच आणखी पाच-सहा आलटून पालटून. नवं पुस्तक ते सहसा घेत नसत. म्हणत, "शेवट माहीत नसला की जीव टांगणीला लागतो. मग वाचण्यात लक्ष कुठून लागणार?" लोकांचाही जीव टांगणीला लागू नये, एवढी त्यांची माया. हातात ते पुस्तक घेतलेला कोणी दिसला की ते जवळ जात, खांद्यावर हात ठेवत आणि खुनी सांगत. त्यांच्या केळापूर तालुक्यात पेटीमास्तर खुनी आहे हे ठाऊक नसलेला वाचक उरला नव्हता.

दुपारी शोभाबाई तुरीची डाळ निवडत आणि हे शेजारी वाचत. त्यांचं हसू विनोदाच्या एक पान आधी सुरू होई. विनोद आला की पोचपावती दिल्यासारखे गप्प होत. पुस्तकाची शेवटची पानं एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ली. त्याचं त्यांना काडीचंही वाटलं नाही. पानं संपली की उरलेलं वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच वेळ ते उघड्या पुठ्ठ्याकडे बघत बसत, मधे एकदा मान हलवत, एकदा "वा" म्हणत, आणि मग पुस्तक मिटत.

निवृत्तीला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी पुस्तक वाचता वाचता नरहरराव म्हणाले, "शोभा, हा पेटीमास्तर फार भला माणूस वाटून राहिला मला."

शोभाबाईंचा हात डाळीत थांबला. थट्टा असेल म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते पान उलटत होते आणि त्यांच्या तोंडावर उत्सुकता होती. लग्नानंतरच्या सगळ्या पावसाळ्यांत त्यांनी त्या पुस्तकावर वाकलेलं हे तोंड पाहिलं होतं, पण उत्सुकता तिथे कधी नव्हती.

चार दिवसांनी नरहरराव पुठ्ठ्याशी येऊन पोचले.

"पुढची पानं कुठं आहेत?"

"वाळवीनं खाल्ली. तुम्हालाच तर माहीत आहे पुढचं."

"मला कसं माहीत असणार? खून कोणी केला मग?"

शोभाबाईंनी पदराला हात पुसले. "पेटीमास्तरनं."

"शक्य नाही," नरहरराव म्हणाले. "एवढा साधा माणूस. तो का मारेल?"

आणि इथे शोभाबाईंच्या लक्षात आलं की हे आपल्याला ठाऊक नाही. पोहे देताना खुनी कळला, तेव्हापासून त्यांनी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. मास्तरनं का मारलं, हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो आता त्यांनाच विचारत होता.

नरहररावांचे जुने दोस्त, मुकुटबनचे बबनराव, आठवड्याच्या बाजाराला आले की चहाला येत. कापूस, सोयाबीन आणि जुन्या कादंबऱ्या, तिन्हींवर त्यांचं सारखंच प्रेम. नरहरराव आत झोपले होते. शोभाबाईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं.

बबनरावांनी कप खाली ठेवला. "वैनी, खरं सांगू काय, म्या ते पुस्तक वाचलंच नाही. एस्टीत पहिलं पान उघडलं, तं ह्यानं मांगच्या सीटवरून वाकून सांगतलं का पेटीमास्तरनं मारलं. मंग कायले वाचू? उतरलो आन् परत करून टाकलं."

"वाचनालयात असेल."

"तिथची प्रत कवाचीच गेली. आन् ज्यायनं नेली तेयलेही ह्यानं सांगतलंच असन." त्यांनी कप पुन्हा उचलला. "म्या इतके वर्सं ठरवून होतो, याले एखाद्या पुस्तकाचा शेवट आधी सांगून सूड घ्याचा. पन हा सालं वाचलेलंच वाचे. आता सांगाचं म्हटलं तं मलेच ठाऊक नाही."

नरहरराव उठून बाहेर आले तेव्हा बबनरावांनी प्रयत्न केला. "नरहर, म्या वाचलं ते पुस्तक. दिवाणसाहेबानं मास्तरच्या वावरात ढोरं सोडली. उभी कापसाची पऱ्हाटी खाल्ली. म्हून मारलं."

"मास्तर शहरात पेटी शिकवणारा," नरहरराव म्हणाले. "त्याला वावर कुठून आलं?"

"पेटी शिकवनाऱ्याले वावर नसते काय?"

"नसते. तू वाचलं नाही, बबन."

तेवढं त्यांना बरोबर कळलं, आणि शोभाबाईंना क्षणभर वाटलं, काही झालेलं नाही.

पण झालं होतं. ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत, पुठ्ठ्याशी पोचत आणि घर डोक्यावर घेत. पानं लपवली म्हणून बायकोवर संशय घेत. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुण्याहून मुलगा चारुदत्त फोनवर म्हणाला, "आई, ते पुस्तकच काढून घे ना त्यांच्याकडून."

"वाचतात तेवढा वेळच ते शांत असतात रे," शोभाबाई म्हणाल्या. "कशाला काढून घेऊ? तू दुसरी प्रत मिळते का बघ."

प्रकाशन बंद पडलं होतं. चारुदत्त शोधत राहिला. तोवर शोभाबाईंनी आपली सोय केली. नरहरराव खुणेसाठी पुस्तकात एस्टीचं तिकीट ठेवत. ते झोपले की शोभाबाई ते तिकीट काढून बरीच पानं मागे खोचत. दुसऱ्या दिवशी ते तिथून वाचत, त्याच जागी नव्यानं चकित होत. पुठ्ठा येतच नव्हता. दिवाणसाहेबांच्या खोलीचं दार आतापर्यंत कितीदा फोडलं गेलं, याचा हिशेब उरला नाही. दर वेळी नरहरराव म्हणत, "आता बघ." शोभाबाई डाळ निवडता निवडता बघत, आणि आपण या माणसाला फसवतो आहोत की जपतो आहोत, हे त्यांना ठरवता येत नसे.

एकदा ते वाचता वाचता थांबले. "हे मी वाचल्यासारखं वाटून राहिलं."

शोभाबाईंनी डाळ बाजूला ठेवली. आशेनं की भीतीनं, कोण जाणे. "वाचलं असेल."

"नाही," ते विचार करून म्हणाले. "पण पुन्हा वाचण्यासारखं आहे."

थंडीत त्यांनी पुस्तक हाती घेणं सोडलं. मांडीवर ठेवलं तरी उघडत नसत. होळीच्या सुमारास चारुदत्तनं कुठूनशी मिळवलेली जुनी प्रत टपालानं आली. पानं सगळी शाबूत होती. शोभाबाईंनी शेवटचं प्रकरण त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचलं. नरहरराव झोपले होते. खून इस्टेटीसाठी झाला होता.