डावखुऱ्याच्या खुणा

खरोशाच्या लेण्यात मी सातवीच्या लेकरांना राजघराणी सांगत होतो. गावोगाव फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावणारी एक म्हातारी सावलीला टेकली होती. ती चपला काढून आत आली. मूर्तीकडे तिनं पाहिलंही नाही; अर्धवट राहिलेल्या भिंतीवरच्या टाकीच्या खुणा ती तळव्यानं चाचपू लागली.

"गुरुजी, हे डावखुऱ्याचं काम हाय," ती म्हणाली. "माझा बापबी डावराच व्हता. खुणा अशाच उलट्या अंगाला पडायच्या."

लेकरं भिंतीकडे धावली. एका मुलीनं विचारलं, "सर, ही भिंत कोरणाऱ्याचं नाव काय होतं?"

वीस वर्षं इतिहास शिकवतोय, राजांची नावं तोंडपाठ आहेत. त्या दिवशी "माहीत नाही" म्हणालो. वळून पाहिलं, तर म्हातारी टेकडी उतरून गेली होती. तिचंही नाव मी विचारलं नव्हतं.