सरस्वतीपुरमच्या घरातली आगीची तालीम

बाबा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, ओल्या फरशीवर पळू नका, असं त्यांनी तीस वर्षं शेकडो माणसांना सांगितलं. निवृत्त झाल्यावर सांगायला फक्त आई आणि मी उरलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराची तपासणी केली. समई पडद्याजवळ होती, ती हलवली. न्हाणीघरात रबरी चटई आली. हे सगळं बरोबरच होतं. पण बाहेरच्या पायरीला पिवळी-काळी पट्टी लागली तेव्हा दूधवाल्याला वाटलं, इथे काहीतरी खोदकाम निघालंय, आणि तो दोन दिवस फाटकाबाहेरूनच दूध देत राहिला. फोडणी घालताना आईने कारखान्यातला जाड चष्मा लावावा, असाही हुकूम निघाला. तिने एकदा लावला. त्यातून मोहरी कुठली आणि मेथी कुठली ते कळेना, आणि त्या दिवशी भातावरचं सारू इतकं कडू झालं की बाबांनी नुसता ताकभात खाल्ला.

मग आगीची तालीम ठरली. बाबांनी शिट्टी वाजवली की गॅस बंद करायचा, काही सोबत न घेता बाहेर पडायचं आणि समोरच्या घराच्या फाटकापाशी जमायचं. त्या घरात निवृत्त कन्नड शिक्षक राहायचे. अख्खी गल्ली त्यांना मेष्ट्रू म्हणायची. पहिल्या तालमीला आई आमटीसारख्या उकळत्या हुळीचं पातेलं दोन्ही हातांत धरून बाहेर आली. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, आत जळून गेली असती, आणि मेष्ट्रूंना हुळी आवडते. बाबांनी तालीम नापास केली. मेष्ट्रूंनी हुळी पास केली.

दुसरी तालीम रविवारी दुपारी झाली. या वेळी आईने रेग्युलेटर बंद केला आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. मी फोनसुद्धा घेतला नाही. सगळ्यांत शेवटी लुंगीवर हेल्मेट चढवलेले बाबा आले आणि आग पसरू नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. दाराला लॅचचं कुलूप होतं. ते खट्‌ करून लागलं. तिन्ही किल्ल्या आत होत्या.

बाबा बराच वेळ हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, बाहेर पडायची वेळ तरी चांगली आली.

खिडक्यांना गज होते. मागचं दार आतून बंद होतं. उरलं गच्चीचं दार. ते कायम कडी लावून ठेवायचं असा बाबांचा नियम होता, म्हणजे तिकडूनही आशा नव्हती. तेव्हा आईने जरा घुटमळत कबूल केलं की गच्चीवर सांडगे वाळत घातलेत आणि सारखी ये-जा असते, म्हणून कडी ती आठवडाभर लावतच नाहीये. बाबांना रागवावं की हायसं वाटून घ्यावं, कळेना.

मेष्ट्रूंनी आपली बांबूची शिडी आणली. तिची एक पायरी काथ्याने बांधलेली होती. बाबांनी एकेक पायरी हलवून पाहिली आणि ही शिडी पास करणार नाही म्हणून सांगितलं. मेष्ट्रू शांतपणे घरात गेले आणि लोखंडी शिडी घेऊन आले. बाबांनी तीही तपासली. तिच्यात खोट सापडेना. तिचे पाय त्यांनी तीनदा हलवून नीट बसवले. चौथ्यांदा वाकले तेव्हा आईला संशय आला.

"अहो, चढताय ना?" तिने विचारलं.

बाबांनी हेल्मेट काढलं. "मी तीस वर्षं शिडी धरलीय," ते हळूच म्हणाले. "चढलो कधीच नाही. उंचावर मला गरगरतं."

मला हसू आवरेना, म्हणून मी फाटकाकडे तोंड फिरवलं. मी चढते म्हणाले, तर आईने माझ्या अरुंद कुर्त्याकडे पाहून मला बाजूला केलं. बासष्टाव्या वर्षी तिने निऱ्या वर खोचल्या, बाबांच्या हातातलं हेल्मेट डोक्यावर घातलं आणि चढायला लागली. मेष्ट्रू खालून "निधान, अम्मा, निधान" म्हणत होते. ती सावकाशच चढत होती, त्यांचीच घाई चालली होती. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून बाबा आईच्या पावलांकडे बघत होते.

आई गच्चीवर पोचली आणि दिसेनाशी झाली. पाच मिनिटं झाली, दार उघडेना. बाबांचा चेहरा उतरला. मी जोरात हाक मारली, तेव्हा वरून उत्तर आलं, "स्वल्प थांबा. आलेच आहे तर सांडगे उलटून घेते."

दार उघडल्यावर बाबांनी आधी तिचे तळवे बघितले, खरचटलंय का म्हणून. मग आत जाऊन एक किल्ली उचलली आणि मेष्ट्रूंच्या हातात दिली, कायमची. मेष्ट्रूंनी ती लगेच जानव्याला बांधली.

संध्याकाळी कॉफी पिताना बाबांनी आईला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की," आई म्हणाली. "पण खाली तुम्ही होता. आणि शिडी सोडून तुम्ही जाणार कुठे? घराला तर कुलूप होतं."

बाबांनी तालमीच्या नोंदींची वही उघडून त्यात बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते त्यांनी आम्हाला दाखवलं नाही; दुसऱ्या तालमीपुढचं 'पास' तेवढं मला दिसलं.