सहावा पडदा

गिटारीचा पहिला घाव सुनेच्या कानावर बसला. दुसऱ्याला तिनं हात आडवा घातला. तिसरा बसायच्या आत मी लेकाच्या पाठीत लाकडी मोगरी हाणली. त्यानं गिटार उंबऱ्यावर आपटली आणि मला ढकललं. मी रांजणावर आदळले. सून भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या कानातून रक्त येत होतं, मानेवरून पदरात उतरत होतं.

"शाळंत जाऊन बोटं नाचवणार व्हय? परक्या लोकांम्होरं?" लेक म्हणाला. "चारला निघून दाखव. तंगडी मोडून ठिवतो."

एवढं बोलून तो गेला. हमरस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान आहे.

नळदुर्गातल्या एका शाळेला गाणं शिकवायला माणूस पाहिजे होतं. चार वाजता तिथं वाजवून दाखवायचं होतं. सून माहेरी सोलापुरात गिटार शिकलेली. नोकरी लागली तर शाळेच्या आवारात राहायला खोली मिळणार होती, म्हणजे या घरातून सुटका. ते लेकाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

दुपारचा एक वाजला होता. मी तिच्या कानावर फडकं दाबलं.

"दवाखान्यात चल."

"आधी गिटार बघा, आत्या."

"कान फुटलाय तुझा."

"दुसरा हाय की."

आमचे मालक, लेकाचे वडील, हयात होते तोवर वीणा आणि तंबोरे दुरुस्त करायचे. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं आमच्याकडं यायची. मी चौथी शिकलेली, पण कानस धरायला त्यांच्यापेक्षा माझा हात बरा होता. ते त्यांना खपायचं नाही. राग आला की हीच मोगरी माझ्या अंगावर चालायची. लेकानं लहानपणी ते बघितलं. मी कधी उलटून हात उचलला नाही, तेही त्यानं बघितलं.

मी गिटार मांडीवर घेऊन तारा छेडल्या. तिसरी तार झणझणली. खरं सांगते, मला तो आवाज गोड लागला. तंबोऱ्याला असा आवाज यावा म्हणूनच आम्ही तारांखालची घोडी घासून सपाट करायचो, तारेखाली सुताचा धागा सरकवायचो. त्याला जवारी म्हणतात. चाळीस वर्षं तेच केलेलं, हात आपोआप तिकडंच गेला. सून तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी तारा सैल केल्या, घोडीतली पट्टी उपसली आणि त्या पट्टीच्या माथ्यावर चांगली कानस फिरवली. तारा परत ताणल्या तर सहाच्या सहा झणझणायला लागल्या.

सून ओल्या तोंडानं पळत आली. "आत्या, काय केलं तुम्ही?"

"जवारी लावली."

"अवो, गिटारीला ती नको असती. साफ वाजली पायजे."

"मग आधी सांगायचं न्हाय?"

"आधी मार खात होते."

तास वाया गेला होता. घासून पट्टी बसकी झाली, म्हणून तारा खाली गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पडद्यांना लागत होत्या, हे तर दिसतच होतं. मालकांच्या पेटीत हाडाचा एक पातळ काप पडून होता. तो मापात कापून पट्टीच्या खाली सारला. तारा उचलल्या गेल्या. पाच साफ झाल्या. तिसरी मोकळी सोडली तर साफ, पण बोटानं दाबली की कधी कधी कुरकुरायची. म्हणजे मूळचं दुखणं दुसरंच होतं.

"एकेक पडदा दाबत जा," मी म्हणाले.

चौथ्यापर्यंत ठीक. पाचव्यावर बोट ठेवलं की कुरकुर. सहाव्यावर ठेवलं की परत साफ. तिला एका कानानं नीट उमगेना. मी माझा कान गिटारीच्या लाकडाला लावला आणि तिला परत वाजवायला लावलं. पाचव्यावर दाबलेली तार पुढच्या सहाव्याला घासत होती. करवतीच्या तुटक्या पात्याची सरळ पाठ मी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पडद्यावर ठेवली. पातं मधल्या पडद्यावर डुललं. उंबऱ्यावर आपटल्यावर तो पडदा खाचेतून वर आला होता.

गिटारीच्या मानेखाली दुमडलेलं पोतं घातलं आणि मोगरी उचलली. सुनेनं माझा हात धरला.

"हळू, आत्या. मान मोडंल."

"किती जोरानं मारलं की काय मोडतं, ते मला ठाव हाय."

तीन टोले दिले. पडदा खाचेत बसला. पातं डुलायचं थांबलं. तिनं तारा ताणून सुरात लावल्या आणि पाचव्यावर बोट ठेवलं. आवाज धुतल्यासारखा साफ आला. ती तेच परत परत वाजवत होती, तेवढ्यात लेक दारात आला. त्याच्या हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती.

"वाजतीया व्हय अजून?"

त्यानं टॉमी गिटारीवर उगारली. मी डावा हात मधे घातला. सुकी तुरकाठी मोडावी तसा मनगटाचा आवाज आला. उजव्या हातात मोगरी होतीच. ती मी त्याच्या गुडघ्यावर मारली. तो खाली बसला. उठायला लागला तेव्हा त्याच गुडघ्यावर आणखी एकदा मारली.

"आई," तो म्हणाला. "मी लेक हाय तुझा."

"ठाव हाय. बस खाली."

सून हलेना. गिटार छातीशी धरून माझ्या हाताकडं बघत होती.

"माझ्याकडं काय बघतीस? मागल्या दारानं जा. तार उतरली तर तिथं लावून घे."

ती गेली. टॉमी मी पायानं बाजेखाली सारली, मागल्या दाराला कडी घातली आणि मोगरी घेऊन पुढल्या दारात बसले. लेक आधी शिव्या देत होता, मग पाणी मागायला लागला. पाणी दिलं. वाट दिली नाही. पाच वाजेस्तोवर तशीच बसून राहिले.

सुनेला नोकरी लागली, खोलीही मिळाली. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. माझं मनगट वाकडं जुळलं. लेक लंगडतो. मेलं कुणी नाही, तिघंही जिवंत आहोत.